निळ्याविना धुतलेली चाळणी

दुपारचे बारा वाजेपर्यंत मी बोलत नाही. तेरा वर्षांचं रोजचं व्रत. प्रयोगशाळेत त्याचं कुणाला काही वाटत नाही, कारण माझं काम चाळण्या धुण्याचं, आणि चाळणीशी बोलायचं तरी काय? भाची मात्र चिडवते. "मामी, मूग गिळून झाले की सांग, मला तुझ्याशी भांडायचंय."

भाची म्हणजे माझ्या नणंदेची मुलगी. समुद्रतळाचा जुना गाळ मी चाळणीवर धुते आणि उरलेल्या कणांतून ती सूक्ष्मदर्शकाखाली, चार केसांच्या कुंचल्याने, मोहरीहून बारीक कवचं वेचते. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आकाशातून भलामोठा दगड पडला, धुळीने सूर्य झाकला, समुद्र गारठला. त्याची खूण म्हणून गाळात बोटभर जाडीची काळी रेघ आहे. रेघेखाली उबदार पाण्यातली नक्षीदार कवचं, रेघेवर नुसती साधी, ठेंगणी. नक्षीवाली सगळी गेली.

असं आम्ही बुधवारपर्यंत समजत होतो. बुधवारी संध्याकाळी, मी घरी गेल्यावर, भाचीला रेघेवरच्या गाळात एक नक्षीदार कवच मिळालं. गुरुवारी सकाळी ती नाचतच आली.

"एक वाचलं, मामी. गारठ्यातसुद्धा. साहेबांना फोनवर सांगितलंय, साडेअकराला पत्र पाठवतेय. ते मिळालं की साहेब पावणेबाराच्या बैठकीत जाहीर करणार आहेत."

मला मंगळवारची चाळणी आठवली.

त्याचं असं आहे. एक नमुना धुतला की चाळणी निळ्या रंगात बुडवायची. जाळीत आधीचा एखादा कण अडकून राहिला असेल तर तो निळा होतो आणि पुढच्या नमुन्यात लगेच पकडला जातो. मंगळवारी सकाळी निळ्याची बाटली संपली होती. लिहिणंही मी बोलण्यातच धरते, म्हणून भांडारवाल्या काकांना रिकामी बाटली दाखवली आणि निळ्या आकाशाकडे बोट केलं. काकांनी खिडकी उघडून दिली. वर म्हणाले, "उकडतंय खरं, ताई."

मग मी चाळणी दोनदा पाण्याने विसळली आणि रेघेवरचा गाळ घातला. त्याआधी तिच्यावर रेघेखालचा गाळ धुतला होता.

अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. भाचीचं बोट संगणकावर पत्र पाठवायच्या बटणाकडे निघालं. चाळीस मिनिटं थांबले असते तर व्रत राहिलं असतं आणि पोरीचं भर बैठकीत हसं झालं असतं. मनात देवाला नमस्कार केला.

"पाठवू नकोस," मी म्हणाले.

दारावरून चाललेले भांडारवाले काका मागे वळले. "ताई बोलल्या?"

मी सगळं सांगितलं, खिडकीसकट. काका खजील होऊन निघून गेले. भाचीचा चेहरा उतरला.

"मंगळवारी दुपारी का नाही सांगितलंस?"

"विसरले. त्यात व्रताचा काही दोष नाही गं, माझाच आहे."

तिने पत्र बंद केलं. मग म्हणाली, "आता बारापर्यंत माझं मौन. रागाचं." आणि रेघेवरच्या गाळाचा राखून ठेवलेला अर्धा नमुना माझ्यासमोर आदळला.

काकांनी निळ्याच्या दोन बाटल्या आणून ठेवल्या. मी चाळणी निळ्यात बुडवली, विसळली आणि तिच्यावर तो अर्धा नमुना धुऊन वाळवला. भाची वेचायला बसली. सव्वातीनला तिने मला खुर्चीत बसवून भिंगाला डोळा लावायला लावला. नक्षीदार कवच दिसलं. निळंशार.

"कडेला अडकलेलं आगंतुक," ती म्हणाली. "कालचंही असंच शिरलं असणार. आणखी एकही नाही."

"माझ्यामुळे तुझी आशा गेली."

"गेली खरी. पण सरक जरा." तिने कुंचल्याने थाळीतला ढीग पसरला. "ही ठेंगणी बघ. चिमूटभर गाळात शेकड्यांनी. अंधार काय, गारठा काय, यांना फिकीर नाही. नक्षीवाल्यांना शोधताना मी यांना दोन दिवस केराप्रमाणे बाजूला सारत होते. साहेबांना विचारायला हवं, एवढी माजली तरी कधी?"

"मग पत्रात काय लिहिणार?"

"लिहीन, की वाचलेलं कवच आमच्या चाळणीतलं निघालं. आता कुठेच जाहीर करू नका."

तिने ते लिहिलं, पाठवलं, आणि ठेंगणी मोजायला घेतली. मी पुढचा नमुना भिजत घातला.