ट्रेमोलोतली टकटक

"थांबा मास्तर, तारांवरनं हात काढा."

गौरीशंकरनं गिटारवरचा हात उचलला. सूर विरले, पण काउंटरवरच्या जुन्या अँप्लीफायरमधून आवाज येतच राहिला. टक्, टक्, टक्. कुणी नखानं पत्रा वाजवत बसावं तसा.

"ऐकलाव न्हवं? गिटार गप हाय, तरी ह्याचं चालूच," तो म्हणाला. "हे सूर थरथरवायचं बटण, ट्रेमोलो, बंद केलं की जातंय, चालू केलं की आलंच."

"मग बंद ठेवूनच वाजवा की," उमादेवी म्हणाली.

"बंद ठेवून कसं?" बाकड्यावर बसलेली त्याची बायको अयोध्या बोलली. आवाज दबलेला, घोगरा. "ते गाणं त्या थरथरीवरच उभं हाय, ताई."

लोहाऱ्यात बसस्टँडच्या मागं उमादेवीचं दुकान होतं. मिक्सर, पंखे, मोटारींचे स्टार्टर यांत तिचे दिवस जात. व्हॉल्व्हचं, म्हणजे तापणाऱ्या काचेच्या नळ्यांचं यंत्र कित्येक वर्षांत तिच्या हाती आलं नव्हतं. तो जमाना तिच्या वडिलांचा, वीरप्पांचा. म्हणून सकाळी मास्तरनं रिक्षातून गोधडीत गुंडाळलेला हा अँप्लीफायर उतरवला, तेव्हा तिनं हातातला मिक्सर उघडाच बाजूला सारला होता.

ऐन उमेदीत गौरीशंकर आणि अयोध्यानं ऑर्केस्ट्रा चालवला होता. तो गिटार वाजवायचा, ती गायची. अलीकडं तिच्या गळ्यात गाठ निघाली. उद्या सोलापूरला जायचं होतं, परवा ऑपरेशन. जिवाला भीती नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. आवाज पूर्वीसारखा राहील, असं मात्र म्हणाले नव्हते. तेव्हा त्याआधी एक गाणं मोबाईलवर भरून ठेवायचं होतं. लग्नाच्या वर्षी गौरीशंकरनं तिच्यासाठी चाल बांधलेलं.

"जत्रेत कधी टकटक ऐकू आली न्हाय," तो म्हणाला. "तवा फुल्ल आवाज सोडायचो. आता हिचा आवाज लहान झाला, मग गिटारबी हळूच पायजे. अन् हळू केलं की हे वर येतंय."

उमादेवीनं मोठा कंडेन्सर बदलला. टकटकीमागची बारीक गुणगुण गेली, टकटक राहिली. वीरप्पांच्या खोक्यातला व्हॉल्व्ह पुसून लावला. टकटक जशीच्या तशी. गौरीशंकर येरझाऱ्या घालू लागला, तसतसा तिला मात्र चेव चढत गेला. समोर आणलेला चहा सायीसकट गार झाला.

"हे बघा," तिनं आतला एवढुसा दिवा दाखवला. "ह्यो लुकलुकतोय. उजेड कमीजास्त झाला की आवाज कमीजास्त होतोय, तीच तुमची थरथर. पण ह्याचं लुकलुकणं ऐकू यायला न्हाय पायजे. म्हंजी ते शेजारच्या वायरीत शिरायलंय. कुठल्या, एवढंच बघायचंय."

तिनं बांबूची सुकी काडी घेतली. आत जीव जाईल एवढी वीज खेळत होती, म्हणून डावा हात पाठीमागं धरला आणि काडीनं एकेक वायर हलकेच ढकलू लागली. लाल वायर. काही नाही. निळी. काही नाही. पिवळी दाबली आणि टकटक एकदम ठणठणीत झाली.

"वाढलं!" उमादेवी ओरडली.

"वाढलं? अन् तुमी हसायलाव?"

"अवो मास्तर, वाढलं म्हंजी घावलं!"

तिनं विजेरी आत धरली. दिव्याची पिवळी वायर गिटारच्या आवाजाच्या वायरीला खेटून गेली होती. दोन्ही एका जुडीत, मेण लावलेल्या दोऱ्यानं आवळलेल्या. एकसारखे, देखणे वेढे. तिचा हात थांबला. त्या दोऱ्याला मेण लहानपणी तीच लावून द्यायची.

"आप्पांचा हात हाय हा."

"व्हय," गौरीशंकर म्हणाला. "टेम्पोत आदळून वायरी निघायच्या. वीरप्पांनी बांधून दिल्या, मग एकबी कधी सुटली न्हाय."

अयोध्या उठून जवळ आली. "त्यांची आठवण हाय, ताई. दोरा न कापता काय जमतंय का बघा."

उमादेवीनं काडी खाली ठेवली. "आप्पांनी टेम्पोच्या हादऱ्यासाठी बांधलं. बरोबरच केलं. आता हादरे न्हाईत, वैनी. आता तुमचा आवाज हाय."

तिनं वीज बंद केली, कंडेन्सरमधली साठलेली वीज उतरवली आणि कात्रीनं दोरा कापला. पिवळी वायर लांबच्या कडेनं फिरवून घेतली. पुन्हा चालू केल्यावर टकटक होती, पण पार लांब गेल्यासारखी. मग वीज परत काढून तिनं दिव्याचा झटका मऊ करायला एक बारका कंडेन्सर जोडला आणि पुन्हा बटण दाबलं.

काहीच नाही. व्हॉल्व्ह तापले, तरी काहीच नाही.

"जळालं काय?" गौरीशंकर कुजबुजला.

"वाजवा की!"

त्यानं तार छेडली. सूर निघाला आणि पाण्यावर ऊन हलावं तसा थरथरत राहिला. खाली-वर, खाली-वर, आणि मधे नुसती शांतता. गौरीशंकरनं गिटारसकट उडीच मारली. उमादेवीनं टाळी वाजवली. आरडाओरडा ऐकून शेजारच्या पिठाच्या गिरणीतला हणमंतप्पा धावत आला. "काय झालं वो, शॉक बसला का कुणाला?"

"गिरणी बंद करा, अण्णा!" उमादेवी म्हणाली. "वैनी गायलाल्यात."

हणमंतप्पानं गिरणी बंद केली. दळणाला आलेल्या बायका डबे तिथंच ठेवून दाराशी येऊन उभ्या राहिल्या. उमादेवीनं पंखाही बंद केला आणि मोबाईल स्टुलावर ठेवला.

अयोध्या गायली. पहिल्या ओळीला आवाज अडखळला, मग वाट सापडली. गिटार तिच्या मागोमाग पावलं टाकत राहिली. शेवटच्या कडव्यात वरच्या सुरावर आवाज फाटला. ती थांबली नाही. फाटका सूर तसाच ओढून तिनं समेवर आणला.

"परत घ्यायचं का?" गौरीशंकरनं विचारलं.

"न्हाय. आज हाय तसाच ऱ्हाऊ द्या."

उमादेवीनं गाणं लावून मोबाईल तिच्या हातात दिला. अयोध्यानं तो कानाशी धरला. दारातल्या बायकांनाही ऐकू जात होतं. अयोध्या डोळे मिटून बसली होती. तिचा एक हात नवऱ्याच्या गुडघ्यावर होता, बोटं ताल धरत होती. गाणं चालू होतं आणि तिचे ओठ मिटलेले होते.