तीस दिवसांनी उघडणारी पाने

मित्रांनो, माझ्या कातडी पुठ्ठ्याचे कोपरे आता पांढरे पडले आहेत आणि मला उघडले की जुन्या पेटीसारखा वास येतो. मी नीतीचा एक ग्रंथ आहे. माणसाने माणसाशी कसे वागावे, हे माझ्या बारा प्रकरणांत सांगितले आहे. त्यातले बारावे प्रकरण एका माणसाने अकरा वर्षे वाचले नाही. त्याची ही हकिकत.

विल्ना शहरातल्या एका छापखान्यात मी जन्मलो. मेनाशे तेरा वर्षांचा झाला, तेव्हा वडिलांनी मला त्याच्या हाती ठेवले. त्याने मला इतक्यांदा वाचले की माझी मागची शिवण उसवली. आईला पांढरा दोरा सापडेना, म्हणून तिने निळ्या दोऱ्याने सात टाके घातले. ते बाहेरून दिसत नाहीत. पुढे मेनाशे गावोगाव मुलांना शिकवू लागला. एका हिवाळ्यात गोठलेली नेमुनास नदी ओलांडताना त्याच्या गाठोड्याची दोरी सैल झाली आणि मी बर्फात पडलो. त्याची पावले दूर दूर जात राहिली. ग्रंथाला हाक मारता येत नाही, हे मला त्या दिवशी प्रथम जाणवले.

मला उचलले कासरिएल नावाच्या गाडीवानाने. त्याला प्रार्थनेपुरती अक्षरे येत. अर्थ लागत नसे. त्याने प्रार्थनेच्या सभागृहात पुकारा केला. कुणी आले नाही. मग तो मला गावचे ज्यू धर्मगुरू रब्बी अझ्रिएल यांच्याकडे घेऊन गेला.

"मालक येईपर्यंत सांभाळ," रब्बी म्हणाले. "नाहीच आला, तर एलियाह संदेष्टा येईपर्यंत, म्हणजे जगाच्या अखेरीपर्यंत. दर तीस दिवसांनी उघडायचं, पानांना वारा लागला पाहिजे. पाठ आहे ते वाचलंस तर चालेल. नवीन काही मात्र यातून शिकायचं नाही, आणि दोघांनी मिळून वाचायचं नाही."

"शिकलं तर काय बिघडलं, रब्बी? चांगलंच लिहिलंय ना?"

"शिकणारा एकच पान दहादा उलटतो, ओळीवर बोट दाबतो. झिजतं कुणाचं? दुसऱ्याचं."

कासरिएल तबेल्याच्या दारावर रोज खडूने एक रेघ ओढू लागला. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, लिहायचे नाही, म्हणून रविवारी दोन. तीस रेघा झाल्या की तो हात धुऊन मला उघडी. त्याची बायको ब्रायना दारातून बघत राही.

"अहो, घोड्याला खरारा करायला सांगितलं की कंबर दुखते. याला बरा वारा घालता."

"घोडा आपला आहे गं."

पण माझ्या ओळी त्याला बोलावू लागल्या होत्या. मग त्याने काय करावे? अभ्यासगृहात माझीच एक फाटकी प्रत होती. रोज संध्याकाळी तिथल्या म्हाताऱ्यांजवळ बसून तो तिच्यातून एकेक प्रकरण शिकला, म्हणजे घरी येऊन तेच माझ्यात वाचले तर ते नवीन ठरणार नाही. चार वर्षांत अकरा प्रकरणे झाली. फाटक्या प्रतीत बारावे नव्हतेच. म्हणून माझी शेवटची पाने तो तोंड फिरवून उलटी.

एकदा त्याची नजर चुकली. तो तसाच रब्बींकडे धावला.

"रब्बी, एक ओळ शिकलो. आता ती परत कशी करू?"

रब्बींनी दाढीत बोटे घातली. "परत नाही करता येणार. मालक आला की त्याला सांग."

ती ओळसुद्धा अर्धीच होती: 'माणूस एकटा बसलेला असतो, तेव्हा त्याच्यासमोर...' पुढचे पान उलटायचे होते. सहा वर्षे ती अर्धी ओळ त्याच्यासोबत गाडीवर बसून फिरली.

गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला तो विचारी, "पुस्तक हरवलंय का तुमचं?" गावात त्याची टिंगल होई. पण एका वसंतात मागून एक थकलेला आवाज आला, "हरवलंय. पण त्याला अकरा वर्षं झाली."

कासरिएलने नंतर ब्रायनाला सांगितले, की पुढचा कोसभर त्याने घोडा तसाच हाकला. हो म्हटले की मी जाणार होतो, आणि माझ्याबरोबर ओळीचा उरलेला अर्धा भागही. अखेर त्याने घोडा थांबवला.

"खूण सांगा, गुरुजी."

"मागच्या शिवणीत निळे टाके. आईचे. सात."

कासरिएलच्या घरी मेनाशेने मला हातात घेतले, तेव्हा त्याची बोटे आधी त्या टाक्यांवर गेली. मित्रांनो, मी ती बोटे ओळखली.

"कोरडं आहे अगदी," तो पुटपुटला. "वाळवीसुद्धा नाही."

"गुरुजी, यातली अर्धी ओळ घेतली आहे मी," कासरिएल खाली मान घालून म्हणाला, आणि त्याने ती म्हणून दाखवली.

 मेनाशेने मला टेबलावर ठेवून बारावे प्रकरण उघडले.

"आता मालक मी ना? माझी परवानगी आहे. बैस. दोघं मिळून वाचू. माझे डोळे अंधूक झालेत, तू वाच, अर्थ मी सांगतो."

"बोट टेकवू का?"

"टेकव की. पुस्तक आहे ते, झोपलेलं मूल नाही."

गाडीवानाचे खरखरीत बोट माझ्या ओळीवर अकरा वर्षांत प्रथमच टेकले. पान उलटले. 'जो तिथे नाही, तो येऊन बसतो.'

"कळला अर्थ?" मेनाशेने विचारले.

कासरिएलने मान डोलावली. "हा मला आधीपासून येत होता, गुरुजी. पुस्तक उघडलं की समोर तुम्हीच येऊन बसायचात."

ते दोघेही आता नाहीत. मी अभ्यासगृहाच्या फळीवर असतो आणि बाराव्या प्रकरणाचा कोपरा रोज कुणाच्या ना कुणाच्या बोटाने मळतो. मित्रांनो, तुमच्या घरात दुसऱ्याचे पुस्तक राहून गेले असेल, तर त्याला अधूनमधून वारा दाखवा. आणि ज्याचे ते आहे, त्याच्याविषयी भेटेल त्याला विचारत राहा. कुणीतरी कुठेतरी त्यातले टाके अजून मोजत असेल.