नमुन्याचं बटण

बाईंनी चष्मा पुसला आणि पडद्यावरचं पान पुन्हा उघडलं. कोरं ते कोरंच.

शिलाई मशीनवरचा अर्धवट सदरा बाजूला सारून त्यांनी तिथं भाचीचा जुना लॅपटॉप मांडला होता. पडद्याला बोट लावूनही चालणारा. शेजारच्या खाटेवर नवरा भिंतीकडे बघत पडला होता. इतकी वर्षं तो कापड बेतायचा आणि त्या शिवायच्या. अर्धांगाच्या झटक्यानं त्याची वाचा गेली, मग हळूहळू मागणंही बंद झालं. तहान लागली तरी खूण करेना. अक्षरांचा तक्ता तर त्यानं भिरकावूनच दिला होता. बाईंना त्या गप्प बसण्याची धास्ती वाटायची.

लॅपटॉप देताना प्रोग्रामर भाची म्हणाली होती, “मावशी, यात तयार सुटे भाग मिळतात. बटणं, खिडक्या, सरकपट्ट्या. कुठं काय लावायचं, एवढंच आपण सांगायचं.”

तेव्हापासून बाईंच्या डोक्यात भुंगा शिरला होता. कुठलीही वस्तू उसवून बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्यांनी फोन लावला.

“अगं, सगळं लिहिलं, पण दिसत काहीच नाही!”

“बटण लावायची ओळ वर आहे की खाली?”

“वर.”

“मग जागा तयार व्हायच्या आधीच लावायला गेलीस. खाली ने ती.”

“म्हणजे कापड बेतायच्या आधीच काज! कमाल आहे माझी.”

ओळ खाली गेली आणि निळं बटण उमटलं. भाचीनं दिलेल्या धड्यातला हा नमुना होता. दाबला की छोटी खिडकी उघडायची. आत चार शब्द हवे होते. बाईंनी सुचेल ते लिहिलं, दाबून बघितलं आणि एकट्याच खुदकन हसल्या. मग काय, हात सुटला. त्याखाली एकेक बटण लागत गेलं: पाणी, पंखा, दुखतंय, कूस बदल.

उशीवर लॅपटॉप टेकवून त्या म्हणाल्या, “अहो, बघा तरी. हवं ते दाबा.”

तो बघत राहिला. अखेर डावा हात उठला, पाण्यावरून, पंख्यावरून पुढे गेला आणि अगदी वर, काढायच्या राहून गेलेल्या नमुन्यावर टेकला.

“ते नव्हे हो, ते चुकून राहिलंय...”

खिडकी उघडली. ‘काय गं, जमलं का?’

रोज संध्याकाळी कात्री खाली ठेवताना तो हेच विचारायचा.

“जमलं की,” बाई कशाबशा म्हणाल्या.

त्यानं खिडकी मिटली आणि पुन्हा तेच बटण दाबलं. या वेळी तो पडद्याकडे बघतच नव्हता. त्याची नजर मशीनवरच्या सदऱ्यावर होती.

बाईंना रडू फुटलं आणि हसूही आलं. त्यांनी सदरा उचलून त्याच्या हाताखाली सारला.

“नाही जमलं. बाही ओढतेय बघा.”

त्याचा अंगठा शिवणीवरून सरकत गेला आणि काखेपाशी थांबला.

“इथं?” बाईंनी विचारलं आणि टाके उसवायला घेतले.