आश्रुबाचं दुखणं

मपला थोरला भाऊ आश्रुबा आंब्याचं झाड व्हता. हे सांगितलं की लोक आधी हासतात, मग मपल्या तोंडाकडं बगतात आन् हासायचे थांबतात. हासा बापू, मला सवय हाय.

त्याचं असं झालं. मपल्या मायला, तानुबाईला, लग्नानंतर नऊ वर्सं मूल न्हाई. नवस झाले, उपास झाले, दर्ग्यावर चादर बी चढली. शेवटी तिनं आमच्या अमराईत एक कोय लावली. रोप वर आलं तसं त्याचं बारसं केलं, घुगऱ्या वाटल्या आन् गावाला सांगितलं, ह्यो मपला ल्योक. चार वर्सांनी मी झालो, सटवाजी. आता माणसाचं लेकरू आलं म्हणल्यावर झाडाचं लेकरूपण संपायला पायजे का न्हाई? न्हाई संपलं. तो थोरला, मी धाकटा. सणाला पयलं पान अमराईत जायचं, आश्रुबाच्या बुडाशी. माय ते ठिवून, त्याच्याशी चार गोष्टी बोलून परत येईस्तोवर मी पोळीकडं बगत बसायचो. मपल्या आख्ख्या जल्मात मी गरम पुरणपोळी खाल्ली न्हाई.

बाप तापानं लवकर गेला. मपलं लगीन ठरलं तव्हा माय म्हणली, थोरला बिनलग्नाचा असताना धाकट्याचं कसं लावायचं? म्हणून एकाच मांडवात दोन लग्नं लागली. मपलं कस्तुराशी, त्याचं चिंचेच्या एका रोपाशी. वहिनी दोन पावसाळे टिकली, मग वाळून गेली. कस्तुरा टिकली. पर ती बी त्या झाडाखालून जाताना डोईवर पदर घ्यायची, थोरल्या दिरासमोर घेतात तसा. खानेसुमारीला पटवारी दिनकरराव दारात आले तव्हा मायनं दोन ल्योक लिवायला सांगितले. दिनकररावांनी थोरल्याचा धंदा विचारला.

"आंबे देतो," माय म्हणली.

दिनकररावांनी 'शेती' लिवलं आन् पुढच्या घरी गेले.

मला त्याचा राग यायचा का? यायचा. खोटं कामून बोलू? मला खोकला झाला तर माय म्हणायची, गूळ खा. त्याचा मोहर गळाला तर दोन दिवस तिच्या घशाखाली घास उतरायचा न्हाई.

मग लढाईच्या साली आमच्या गोठ्याचं छप्पर बसलं. पिंगळीच्या टेसनावर एका ठेकेदाराकडं आंब्याची लाकडं पडून व्हती. कुठल्या मुलखातून वॅगनीत भरून आली देव जाणे, सालीसकट व्हती आन् स्वस्त व्हती. त्येंला भोकं व्हती. म्या म्हणलं, भोकं तर आमच्या गोठ्याला बी हायत. दोन गाड्या भरून आणली आन् आश्रुबाच्या बुंध्याला टेकवून रचली.

"त्याच्या अंगावर नगं टेकवू," माय म्हणली.

"जल्मभर पयलं पान खायलाय, जरासा भार उचलू दे की."

माय गप बसली. गोठा पावसाळ्यानंतर करू म्हणून मी बी गप बसलो. मिरगात त्या लाकडांतून किडे निघाले. बोटाएवढे, राखाडी, आन् डोक्यावर अंगापेक्षा लांब मिश्या. असला किडा आमच्या शिवारात कुणी बगितला नव्हता. गावच्या पोरांनी दोरे बांधून उडवले. बरं वाटलं म्हणून म्या बी एक उडवला.

दिवाळीला आश्रुबाच्या बुंध्यावर भोकं दिसली. भोकाखाली भुसा, सुताराच्या रंध्याखाली पडतो तसा. लिंबाजी सुताराला म्या विचारलं, पर मपल्या झाडाचं न्हाई म्हणून. म्हणलं, पाव्हण्याचं झाड हाय.

"भिरूड हाय ती," लिंबाजी म्हणला. "आत अळी असती करंगळीएवढी. झाड आतून पोखरती. तारेनं ओढायची, भोकात घासलेटाचा बोळा घालायचा, वरून चिखल लिंपायचा. भुसा कमी व्हायला लागला तर झाड वाचलं म्हणायचं. वाढला तर तोडून जाळायचं, मिरगाच्या आत. न्हाईतर त्यातून किडा निघून सगळी बाग खातो."

"पर येती कुठून ही?"

"असल्याच लाकडातून येती. आणणाऱ्याला जोड्यानं हाणाया पायजे."

मी हासलो. घरी येईस्तोवर ते हासू तोंडावर तसंच ऱ्हायलं, काढायचं कसं ते कळंना.

लाकडं म्या त्याच दिवशी हलवून जाळली. मायला म्हणलं, वाळवी लागली व्हती. ती म्हणली, बरं केलं. मग रोज सांजच्याला औत सोडलं की मी अमराईत जायचो. तार, बोळा, चिखल. झालं की खराट्यानं भुसा झाडायचो, धोतराच्या सोग्यात भरायचो आन् उकिरड्यात पुरायचो. मायला दिसला असता तर तिनं ते झाड तोडू दिलं नसतं आन् तोडल्यावर जगली बी नसती. आन् भुसा तिला दिसला की लाकडं आठवणारच व्हती. खरं सांगतो, मला लाज वाटत व्हती. ज्या भावाला जल्मभर पाण्यात पाह्यलं, त्याच्या जखमा मी चिखलानं लिंपत व्हतो आन् त्याला म्हणत व्हतो, आश्रुबा, एवढी बार माफ कर.

गुण यायला लागला. रोज बगावं तर भुसा ओंजळभरच. म्या म्हणलं, एवढ्या मोठ्या झाडाला ओंजळभर म्हणजे काय, हटायलंय दुखणं. कव्हा कव्हा म्या न लिंपलेलं भोक बी लिंपलेलं दिसायचं. म्या म्हणलं, आपणच लिंपलं असंल, इसरलो.

चैतात दोन फांद्या वाळल्या.

"वय झालं त्याचं," माय म्हणली.

"व्हय," म्या म्हणलं, "वय झालं."

झाड पस्तीस वर्सांचं. आंबा शंभर वर्सं जगतो, हे तिला बी ठाऊक आन् मला बी.

त्या साली घासलेट कंट्रोलवर मिळायचं, महिन्याला एक बाटली. ती आठ दिवसांत सरायला लागली. कस्तुरानं बाटली कोनाड्यातून काढून उतरंडीत ठिवली, उतरंडीतून कणगीत ठिवली, तरी सरायची. एक दिवस ती ताटं वाढता वाढता म्हणली, "अवो, तुमी मायलेक मिळून घासलेट पेता का काय? अंधारात भाकर कुणाच्या नाकात घालायची?"

म्या मायकडं बगितलं न्हाई. मायनं मपल्याकडं बगितलं न्हाई. आमी मुकाट्यानं अंधारात जेवलो. तव्हाच अक्कल यायला पायजे व्हती, पर अक्कल कंट्रोलवर बी मिळत नव्हती.

मिरीग आला, गेला. दुसरी दिवाळी झाली. संक्रांतीच्या आदल्या दिवशी बैल सुटला म्हणून मी दिवस उगवायला त्याच्या मागं अमराईत गेलो. आश्रुबाच्या बुडाशी माय बसलेली. एका हातात खराटा, दुसऱ्या हातात वाकडी केलेली तार, शेजारी घासलेटाची बाटली. पदर भुशानं भरलेला.

"काय करायलीस माय?"

"झाडायलेय."

"कव्हापासून?"

"दिवाळीपासून."

"ह्या का?"

"मागल्या."

मी खाली बसलो. तिला सांगितलं, सांजचं मी झाडतो म्हणून. ती म्हणली, "म्हणजे मी रोज बगत व्हते तो रातचाच व्हय रे?"

रातचा भुसा ती पहाटं न्यायची, दिवसाचा मी सांजच्याला. तिला अर्धा दिसायचा, मला अर्धा. ती म्हणायची कमी व्हायलाय, मी म्हणायचो हटायलंय. सव्वा वर्स आमी दोघांनी एका झाडाचं दुखणं अर्धं अर्धं वाटून घेतलं आन् झाड बरं व्हायलंय म्हणून खुशीत ऱ्हायलो. असली दोन शहाणी माणसं एका घरात मिळायला नशीब लागतं.

मग आमी उठून बाकीची झाडं बगितली. चाळीसातल्या आणखी अकरांच्या बुडाशी भुसा व्हता. आमचं दोघांचं ध्यान एकाच झाडावर, तिकडं कोण बगणार?

"तू मपल्यापासून कामून लपवलंस?" म्या विचारलं.

ती पदरातला भुसा झटकायला लागली. मपलं म्या समजून घेतलं. तिला वाटलं असंल, सटवाला कळलं तर खुशीनं कुऱ्हाड घेऊन यील. मला ते लय लागलं. लागायचं कारण असं की दोन वर्सांआधी ते खरं असतं.

लिंबाजीला बोलावलं. त्यानं बारा झाडांना तोडायची खूण म्हणून चुना लावला आन् म्हणला, "पाव्हण्याचं झाड म्हणला व्हतास ते हेच का?" म्या मान हलवली. त्यानं जोडा काढला न्हाई. काढला असता तर बरं वाटलं असतं.

अकरा झाडं फागुनात तोडून जाळली. आश्रुबाला मायनं शेवटी ठिवलं. त्या दिवशी तिनं बुंध्याला तेल-हळद लावली, न्हाऊ घातलं, नवं धोतर गुंडाळलं. पयला घाव मपला. थोरल्याला पोरबाळ न्हाई, मग अग्नी कोण देणार? धाकटाच देणार. लाकूड घरात वापरायचं न्हाई, एक ढलपी बी न्हाई, म्हणून तिथंच रचला आन् जाळला. कस्तुरा डोईवर पदर घेऊन उभी व्हती. आतल्या अळ्या जळताना फटफट आवाज यायचा. म्या डोकं भादरलं आन् दहा दिवस सुतक धरलं.

दहाव्याला इष्णुपंत भटजींना बोलवायला माय सोता गेली. ते म्हणाले, "तानुबाई, झाडाचा दहावा शास्त्रात नाही."

"बारसं तुमच्या वडलांनी केलं," माय म्हणली. "लगीन तुमी लावलं. दक्षिणा घेतली तव्हा शास्तर कुठं गेलं व्हतं? आता निम्म्यातून कसं सोडता?"

इष्णुपंत आले.

नदीच्या काठी पिंड ठिवला. आमी मागं सरून बसलो. कावळे आले, बाभळीवर बसले, पर खाली उतरंनात. उतरतील कसे? ते आश्रुबाच्याच फांद्यांवर ऱ्हायचे. त्येंचं घर जाळून आमी वर भात मांडला व्हता. तरी लोक कुजबुजायला लागले, जीव अडकलाय, काहीतरी ऱ्हायलंय.

मला ठाऊक व्हतं काय ऱ्हायलंय. मी उठलो. निम्मं गाव जमलं व्हतं. सगळ्यांसमोर हात जोडून म्हणलं, "आश्रुबा, ती लाकडं म्या आणली. तुझ्या अंगावर म्या टेकवली, मुद्दाम. तुला भिरूड मपल्यामुळं लागली. ऱ्हायलेली अठ्ठावीस झाडं मी जपीन."

मायकडं बगायची हिंमत व्हईना. आता ती काय म्हणंल, म्हणो. कावळा हालला न्हाई.

मग माय उठली. मपल्या शेजारी येऊन उभी ऱ्हायली. पिंडाकडं बगून ती त्याच्याशी बोलायला लागली, सणाला पान ठिवताना बोलायची तशी.

"आश्रुबा, ती लाकडं गाडीतून उतरली तव्हाच म्या त्येंची भोकं बगितली व्हती. पयला भुसा पडला तव्हाच मला कळलं, कशामुळं पडला. तव्हाच लिंबाजीला बोलावलं असतं तर तू एकटाच गेला असतास, ही अकरा वाचली असती. न्हाई बोलावलं. गावात बोभाटा झाला असता आन् सटवाला जल्मभर खाली मान घालून फिरावं लागलं असतं. म्हणून झाडत बसले. फांद्या वाळल्या तव्हा तू मरायलास हे दिसलं बाबा, पर म्या ह्याला जपलं. तुला न्हाई जपलं. आता मायवर राग धरू नगं."

कावळा उतरला आन् पिंडाला शिवला.

लोक म्हणले, सुटला. तीस-बत्तीस वर्सं मी त्या झाडाला हिणवत आलो, आन् दोघांतला एक निवडायची येळ आली तव्हा माय कुणाच्या बाजूनं उभी ऱ्हायली, ते मला भादरल्या डोक्यानं नदीच्या काठावर कळलं. मी लेकरासारखा रडलो. इष्णुपंतांना वाटलं, भावासाठी रडायलाय. त्येंचं बी चुकलं नव्हतं.

तेराव्याला पुरण शिजलं. माय चुलीपुढं बसली. पयली पोळी तव्यावरून काढली, वर तूप सोडलं आन् पान मपल्यापुढं सरकवलं.

"खा," माय म्हणली, "गरम हाय तवर."

वाफ निघत व्हती. म्या हात पुढं केला, बोट भाजलं, तसा मागं घेतला.

"फुंकून खावा की," कस्तुरा म्हणली.

म्या मान हलवली. मग नेहमीसारखा पोळीकडं बगत बसलो. पार गार झाली, तव्हा खाल्ली.