संशय घेणं हेच माझं काम

मित्रांनो, मी कॉम्प्युटरमधला एक जुना प्रोग्राम आहे, आणि स्वभावानं पक्का संशयी. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात माझा मुक्काम. दुकान चालवणाऱ्या मावशी औषधाचं नाव आणि मात्रा माझ्यात भरतात, मी ती मुकाट्यानं पडताळतो.

मला घडवणारी बाई आधी कितीतरी दिवस मावशींशेजारी बसून त्यांचं काम बघत राहिली. मग तिनं मला बजावलं, "त्या मोजत असताना तोंड उघडायचं नाही. चूक दिसली तरच बोल." मी तसाच वागलो. म्हणून तर मी बोललो की मावशी हातातलं काम टाकून वाचायच्या, "बघू, काय खटकलं याला?" एवढा मान कुणाला मिळतो हो!

पुढे मला दुसऱ्या कंपनीनं विकत घेतलं. नवी मंडळी फारच गोड बोलायची, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. त्यांनी मला घंट्या लावल्या; घंटी वाजली की पडद्यावर एक चौकट उघडायची. 'शाबास, आज लवकर आलात!' 'आमचा नवा रंग पाहिलात का?' उठसूट हेच. मावशी वैतागल्या. बघता बघता त्यांच्या बोटाला सवय लागली: चौकट आली की न वाचता बंद.

एका दुपारी एक आई तापानं फणफणलेलं बाळ घेऊन आली. तापाच्या औषधाचं पातळ सिरप चमच्यानं देतात. त्याच औषधाचे थेंब मात्र कितीतरी तीव्र, ते मोजूनच द्यायचे. मावशींनी बाटली काढली थेंबांची आणि मात्रा भरली सिरपची. मी लाल चौकट दाखवली. बोटानं तीही मिटवली.

"एक चमचा द्या," मावशी म्हणाल्या.

आई दारातच थबकली. "एवढ्याशा बाटलीतलं अख्खा चमचाभर?"

मावशींनी बाटली परत घेऊन तिच्यावरचं नाव वाचलं आणि सिरपची बाटली काढून दिली. बाळ वाचलं ते आईच्या शंकेमुळे, माझ्या नव्हे. याचं मला फार वाईट वाटतं.

मावशींनी कंपनीला फोन लावला. "नुसत्या घंट्या बंद होत नाहीत," उत्तर आलं. "ठेवायचं तर सगळं, नाहीतर चुकीच्या इशाऱ्यासकट सगळंच बंद." मावशींनी सगळंच बंद करायला लावलं. त्यांना दोष कसा देऊ?

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी माझ्यासारखं काही बनवणार असेल, तर आधी काम करणाऱ्या माणसाजवळ बसा, मग घंटीचं ठरवा. आणि कुणी फार लाडानं तुमचं लक्ष मागू लागलं, तर कशासाठी, ते विचारा.

आज सकाळीच एक चुकीची मात्रा भरली गेली. मावशींना ती वेळेवर दिसली, म्हणून बरं. मला आधीच दिसली होती, पण बोलायची सोय आता राहिलेली नाही.