डोळ्यांखालचे दाणे

डॉक्टरांनी झुंबरलालजींच्या नाकावर जाड भिंगांचा चष्मा चढवला आणि धापूबाईचा हात आपोआप डोक्याकडे गेला. पदर हनुवटीपर्यंत खाली आला. आठ वर्षं मोतीबिंदूनं सासऱ्यांची नजर गेली होती, तेवढीच वर्षं घरात तिचं तोंड उघडं होतं. आंधळ्यापुढं कसला पडदा? ताट पुढं सरकवणं, काठी हातात देणं, बांगड्या वाजवून आपण आल्याचं कळवणं, सगळं मोकळ्या तोंडानं चाललं होतं.

गंमत अशी, की महिन्यापूर्वी जळगावच्या याच दवाखान्यात सासऱ्यांचं ऑपरेशन झालं, तेव्हाच तिनं डोळ्यांभोवतीचे कणीएवढे दाणे काढून घेतले होते. तिचे यजमान सुभाषचंद तेव्हा सावद्याला दुकानात होते. डॉक्टरांनी विजेच्या सुईनं एकेक दाणा जाळला. कातडी जळल्याचा वास नाकात गेला, तरी ती हलली नाही. लेकीच्या लग्नात व्याह्यांकडच्या बायकांनी "ही मंजूची आई की आजी?" असं विचारू नये, एवढंच मागणं होतं तिचं. खरं सांगायचं तर आणखी एक होतं. नवऱ्यानं एकदा बघून म्हणावं, बरी दिसतेस.

खपल्या धरल्या, पडल्या, कातडी साफ झाली. सुभाषचंद रोज तिच्यासमोर बसून जेवले. भाजीत मीठ कमी पडलेलं मात्र त्यांच्या बरोबर ध्यानात आलं. आणि आता तर तोंडच झाकायचं. तिला चिडायचाही कंटाळा आला होता.

"बींदणी कुठं आहे?" झुंबरलालजींनी विचारलं. सुनेला ते बींदणीच म्हणत.

"ही काय, शेजारीच," सुभाषचंद औषधाची चिठ्ठी वाचत म्हणाले.

"पदर वर कर, बेटा. तीस वर्षं झाली तुला घरात येऊन. माझे डोळे होते तेव्हाही तुझं तोंड मी पाहिलं नाही."

धापूबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. ते चिठ्ठीतच होते. मग तिनं दोन बोटांनी पदर मागं सारला.

म्हातारे बराच वेळ बघत राहिले. भिंगांमागं त्यांचे डोळे लिंबाएवढे दिसत होते.

"इतकी थकलीस," ते म्हणाले, "अन् मला कोणी सांगितलं नाही."

सुभाषचंदांनी चिठ्ठी खाली केली आणि बायकोकडं नीट पाहिलं.

"डोळ्यांखालचे ते दाणे गेले वाटतं?"

"महिना झाला," धापूबाई म्हणाली.