भेली आणि कुलूपवाला ड्रम

त्या वर्षी लातुरात माणसं सोन्याच्या डब्याला एक कुलूप लावत होती आणि पाण्याच्या ड्रमला दोन. नळ कोरडे पडून महिने झाले होते. आठ दिवसांनी गल्लीत टँकर यायचा आणि घरटी दोनशे लिटर पाणी देऊन जायचा, मग घरात माणसं दोन असोत की नऊ. रेल्वेनं पाणी येणार म्हणून पेपरात छापून आलं होतं. पण ते येईल तेव्हा येईल, तोवर जो तो आपला ड्रम डोळ्यांत तेल घालून सांभाळत होता.

अशा दिवसांत गंजगोलाईच्या मागच्या एका गल्लीत मन्मथअप्पा मात्र ताठ मानेनं हिंडत होते. लातूर नवा जिल्हा झाला त्या साली त्यांच्या वडिलांनी भांड्यांचं दुकान काढलं होतं. ते आता अप्पा चालवत. या दुष्काळात त्यांनी एक युक्ती काढली होती. साध्या प्लॅस्टिकच्या ड्रमच्या झाकणाला पत्रेवाल्याकडून कडी-कोयंडा ठोकून घ्यायचा आणि 'कुलूपवाला ड्रम' म्हणून विकायचा. गल्लीत आठ घरी तो गेला होता. अप्पांच्या स्वतःच्या ओट्यावरही तसाच एक निळा ड्रम होता आणि त्याची चावी त्यांच्या कमरेच्या करगोट्याला बांधलेली असे. ती ते आंघोळीलाही काढत नसत. तशी आंघोळही चार दिवसांतून एकदाच व्हायची म्हणा.

घरात माणसं दोनच, अप्पा आणि दानम्मा. लेक लग्न होऊन उदगीरला गेलेली. दानम्मा दर सोमवारी उरलेल्या भाकरी बांधून औसा रोडला जायच्या. तिथं सौदामिनीबाई नावाच्या निवृत्त शिक्षिकेनं पत्र्याच्या शेडमध्ये जखमी, बेवारस कुत्र्यांसाठी आसरा चालवला होता. बाईंनी आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांना वळण लावलं आणि पेन्शन सुरू झाल्यावर कुत्री सांभाळायला घेतली. शेडवरचा टँकरही आता पुरेना, म्हणून त्या पिल्लं घरोघर देऊ लागल्या होत्या. लोक नर तेवढे उचलून नेत, त्यातही पांढरे, ठिपक्यांचे आधी. एक तांबूस रंगाची मादी तेवढी मागं राहिली. ती एका सोमवारी भाकरीच्या रिकाम्या पिशवीत बसून अप्पांच्या घरी आली.

"हे काय आणलं?" अप्पांनी विचारलं.

"भेली."

"नाव पण ठेवून झालं?"

"रंग बघा की! गुळाच्या भेलीसारखा हाय." दानम्मांनी पिल्लाला खाली ठेवलं आणि माहेरच्या कानडीत हाक मारली, "बा, बा!" पिल्लू धडपडत पुढं आलं आणि अप्पांच्या पायाच्या अंगठ्याला लुचू लागलं.

बाईंची एक अट होती. भेलीसाठी दाराबाहेर पाण्याचं भांडं ठेवायचं आणि ते कायम उघडं आणि भरलेलं हवं. आठव्या दिवशी त्या स्वतः बघायला येणार. पाळता आलं नाही तर पिल्लू परत घेऊन जाणार, राग धरणार नाहीत.

"पिऊन पिऊन पिणार किती, पेलाभर!" अप्पा म्हणाले. कबूल केलं खरं, पण त्यांच्या मनात आठच दिवस होते.

पहिल्या दिवशी भेलीनं अप्पांची गादी ओली केली. दुसऱ्या दिवशी त्यांची एक चप्पल कुरतडून ठेवली. अप्पा बेजार झाले, बडबडले. तिसऱ्या दिवशी दुपारी ते दुकानातून जेवायला आले तर हे एवढंसं जनावर ओट्याच्या टोकाला येऊन, नुसतं शेपूट नव्हे, सगळं अंग हलवत उभं. जेवण झाल्यावर ते भिंतीला टेकले आणि भेली त्यांच्या पावलावर हनुवटी ठेवून झोपली. तिची झोप मोडू नये म्हणून अप्पा त्या दिवशी दुकानात तासभर उशिरा गेले. तीस वर्षांत प्रथमच! दानम्मांनी ते बघितलं आणि तोंडाला पदर लावून हसून घेतलं.

माया जडली, पण भांड्याचं काही जमेना. पाणी पिताना पुढचे दोन्ही पाय भांड्यात घालायची भेलीला खोड होती. वाटी ठेवली, ती उपडी झाली. तसराळं ठेवलं, तेही उपडं झालं. कढई आणली, ती घरंगळली. परात आणली, ती कलंडली. जड बुडाचं पातेलं आणलं तर तिचं तोंड पाण्यापर्यंत पोचेना. अप्पा रोज दुकानातून नवं भांडं आणत आणि भेली रोज ते नापास करी. गल्लीत नाव असलेला भांड्यांचा व्यापारी आणि दोन महिन्यांच्या पिल्लापुढं ठेवायला त्याला एक भांडं सापडेना!

प्रत्येक वेळी ओट्याच्या उतारावरून पाण्याचा ओघळ खाली यायचा आणि समोरच्या केवळाबाईच्या दाराशी जाऊन जिरायचा. अप्पा ड्रमला खेटून उभे राहत, कमरेच्याच चावीनं तो उघडत, भांडं पुन्हा भरत आणि कुलूप लावून टाकत. ओघळ कुठं गेला, हे त्यांनी कधी मान वर करून बघितलं नाही.

केवळाबाई मात्र तो रोज बघत होती. ती एका खानावळीत भाकऱ्या थापायला जायची. घरात सात माणसं. त्यात लेक बाळंतपणाला माहेरी आलेली आणि बारा दिवसांचं लेकरू, म्हणजे झाली नऊ. तिचा ड्रम पाचव्या दिवशीच तळाला जायचा.

आठवा दिवस उजाडला. तो टँकरचा दिवस होता, पण टँकर दुसऱ्या दिवसावर गेल्याची खबर आली. नेमकं त्याच वेळी भेलीनं भांडं उलथं केलं आणि केवळाबाईचा संयम सुटला.

"अप्पा, बघा, बघा ही वल! माझ्या दारातून पानी वाहून राहिलंय, आन् घरात बाळंतीण हाय. लेकराला न्हाऊ घालाया मी कालपासून तांब्या घेऊन दारोदार फिरून राहिले!"

अप्पा दाढी करत होते. साबण लावलेल्या तोंडानंच ते ओट्यावर आले. "आमच्या वाट्याचं पाणी हाय, केवळाबाई. आमी पिऊ न्हाई तर सांडू. तुला काय करायचंय?"

"कुत्रं पितंय त्याचं मला काय न्हाई. मुकं जनावर हाय, प्यावं त्यानं. पर सांडतंय ते बघून जीव जळतो माझा!"

आवाज चढले तशी माणसं जमली. वरच्या अंगाला राहणारे शेषेराव पुढं झाले. "माणसाला पाणी न्हाई तिथं कुत्र्याचे लाड कशाला? नेऊन सोडा तिला औशाच्या रस्त्याला." आणखी दोघा-चौघांनी माना डोलावल्या. एकानं तर खाली वाकून खडाही उचलला.

अप्पांनी भेलीला चटकन उचलून छातीशी धरलं. आठ दिवसांपूर्वी जिला बघून ते 'हे काय आणलं?' म्हणाले होते, तिच्यासाठी ते आज सगळ्या गल्लीशी भांडायला उभे होते! तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी सौदामिनीबाईंची छत्री दिसली आणि अप्पांच्या जिवात जीव आला. आता बाईच या लोकांना भूतदयेचा धडा देतील, असं त्यांना वाटलं.

बाईंनी आधी भेलीचे कान बघितले, पोट चाचपलं, नखं बघितली. "गुटगुटीत झाली हो! छान सांभाळलीत," त्या म्हणाल्या. मग केवळाबाईकडं वळून त्यांनी तिचं सगळं म्हणणं शांतपणे ऐकलं. ऐकून झाल्यावर ओट्यावर टेकल्या आणि म्हणाल्या, "दानम्मा, ऊन फार आहे. घोटभर पाणी द्या."

दानम्मांनी अप्पांकडं बघितलं. अप्पांनी भेलीला खाली ठेवलं, ड्रमला खेटून कमरेच्या चावीनं कुलूप उघडलं आणि झाकण वर केलं. ड्रम अर्ध्याहून जास्त भरलेला होता! टँकरच्या दिवशी गल्लीतल्या दुसऱ्या एकाही ड्रममध्ये तांब्या बुडेल एवढं पाणी नव्हतं. सगळ्यांची नजर त्या पाण्यावर खिळली. केवळाबाईनं तोंड फिरवलं.

अप्पांनी पेला भरला आणि सवयीनं कुलूप लावलं. त्याचा खट्ट आवाज सगळ्यांनी ऐकला.

बाईंनी पेला हातात घेतला, पण ओठाला लावला नाही. "अप्पा, भेलीला मी घेऊन जाते," त्या म्हणाल्या.

"का?" अप्पांनी भेलीला पुन्हा उचलून कवेत घेतलं. "भांडं उघडं होतं बाई! एक दिवस चुकलो न्हाई मी!"

"भांडं उघडं होतं. ड्रम?"

"ड्रमची अट कुठं होती?"

"नव्हती. ती माझी चूक. अप्पा, मागच्या महिन्यात मी दिलेली चार पिल्लं परत आली. घरच्यांना ती नको झाली नव्हती, गल्लीनं ती राहू दिली नाहीत. तुमची माया दाराच्या आत आहे, पण भेली वाढणार दाराबाहेर. तिला भाकरीचा तुकडा टाकणारा हात याच गल्लीतला आणि दगड मारणाराही याच गल्लीतला. ज्या दारासमोर रोज पाणी वाहून आलं आणि आत एक तांब्या गेला नाही, त्या दारानं हिच्यावर माया का करावी?"

शेषेराव मान हलवून म्हणाले, "तेच म्हणून राहिलो मी!"

"नाही शेषेराव, तुम्ही ते म्हणत नव्हता," बाई त्यांच्याकडं वळल्या. शाळेत शेवटच्या बाकावर बोलणाऱ्या पोराकडं बघावं तसं त्यांनी बघितलं. "कुत्रीला हाकलून कुणाचा ड्रम भरणार आहे? ही गेली तरी केवळाबाईचं नातवंड बिनआंघोळीचंच राहील. तुमच्या ड्रमलाही कुलूप आहेच की! आज तहानलेल्याला जनावर म्हणून वगळाल, उद्या परक्याचं लेकरू म्हणून वगळाल. दया काय दोन वेगवेगळ्या ड्रमांत भरून ठेवायची असते? एक माणसांचा, एक जनावरांचा?"

अप्पा खाली बघत उभे राहिले. आठ दिवसांत आपण दुकानातून पाच भांडी आणली, एका पिल्लाची तहान नीट भागावी म्हणून जिवाचा आटापिटा केला, आणि समोरच्या दारात बाळंतीण आहे हे ठाऊक असून एकदाही विचारलं नाही! त्यांना स्वतःची लाज वाटली. भेली त्यांच्या सदऱ्याचं बटण चघळत होती, तिला यातलं काही ठाऊक नव्हतं.

दानम्मा पुढं आल्या. चारचौघांत कधी नवऱ्याच्या शब्दाबाहेर न गेलेली ती बाई सगळ्या गल्लीसमोर हात पसरून उभी राहिली आणि म्हणाली, "चावी द्या."

अप्पांनी भेलीला खाली ठेवून कमरेला हात घातला. कित्येक महिन्यांची गाठ घामानं घट्ट झालेली, सुटता सुटेना. त्यांनी हिसडा दिला. करगोटा तुटला आणि चावीसकट हातात आला. तो त्यांनी दानम्मांच्या हातावर ठेवला.

"केवळाबाई, हंडा आण!" अप्पांनी हाक दिली.

केवळाबाई जागची हलली नाही. "मी भांडाया आले होते अप्पा, मागाया न्हाई." नऊ माणसांच्या घराला ताकदीनं उचलून धरणारी ती बाई, तिचा ताठा खोटा नव्हता.

"मग मी मागतो," अप्पा म्हणाले. "ही पोरगी रोज पाणी सांडते आन् मला तिच्याजोगतं भांडं सापडंना. तुला काय सुचत असंल तर दे बाई. एवढी मदत कर."

केवळाबाईनं त्यांच्याकडं बघितलं, ओट्यावर मांडलेल्या त्या पाच चकचकीत भांड्यांकडं बघितलं आणि तिला हसूच फुटलं. "भांड्यांचे व्यापारी तुमी, आन् एवढं कळंना? हलक्या पत्र्याचं काय ठेवता? माझ्या सासूचं बुटकं दगडी उखळ पडून हाय न्हाणीत. तेवढं उचलू लागा."

अप्पा, केवळाबाई आणि ज्यानं खडा उचलला होता तोच गडी, अशा तिघांनी ते उखळ लोटत लोटत आणून दोन्ही दारांच्या मधोमध बसवलं. दानम्मांनी आधी केवळाबाईचा हंडा काठोकाठ भरला, मग उखळात तांब्याभर पाणी ओतलं. भेलीनं सवयीप्रमाणं पुढचे दोन्ही पाय काठावर टाकले. उखळ हललं नाही. तिनं मान वाकवली आणि लपलप पाणी प्यायली. एक थेंब सांडला नाही! गल्ली ते बघत राहिली आणि बाईंनी हातातला पेला तेव्हा कुठं ओठाला लावला.

दुसऱ्या दिवशी टँकर आला, तेव्हा आधी बाळंतिणीच्या घरी चार हंडे जास्तीचे गेले आणि मग वाटप झालं. ते सगळ्यांना रुचलं असं नाही. शेषेरावांनी आपलं कुलूप पाऊस पडेपर्यंत काढलं नाही. पण आठांतल्या पाच घरांनी काढलं. अप्पांनी दुकानात कडी-कोयंडा ठोकून घेणं बंद केलं, त्यावर पत्रेवाला चार दिवस कुरकुरला. रोज सकाळी केवळाबाई नातवाला न्हाऊ घालायला बसली की भेली उंबऱ्यावर जाऊन पुढचे पाय जोडून बसू लागली, जणू तिच्याच देखरेखीखाली सगळं चाललंय.

वाचकहो, दुष्काळ काही दर वर्षी येत नाही, पण कुलपं वर्षभर असतात. कुणाच्या ड्रमला, कुणाच्या दाराला, कुणाच्या जिभेला. घरी मुकं जनावर आणून त्याच्यावर जीव लावणं हे मोठंच काम आहे, आणि अप्पा-दानम्मांनी ते मनापासून केलं. पण एका जिवावर माया करायला शिकलेल्या माणसानं तिथंच थांबू नये. तीच माया चार पावलं पुढं, समोरच्या दारापर्यंत न्यावी. तिथवर नेणं आपल्याला जमेल की नाही, हे ज्यानं त्यानं आपल्या ओट्यावर उभं राहून बघावं.

पंधरा दिवसांनी सौदामिनीबाई पुन्हा आल्या. भेलीच्या गळ्यात एक काळा दोरा होता, मध्ये गाठ मारून जोडलेला. बाईंनी तो बोटानं सैल आहे ना ते बघितलं.

"हा करगोटा तुमचा ना अप्पा? मग त्याची चावी कुठं गेली?"

अप्पांनी डोकं खाजवलं, दानम्मांकडं बघितलं आणि खरं तेच सांगितलं, "आठवत न्हाई बाई. कामच पडलं न्हाई."